आधी दिवस बघा, मग खेळ ठरवा: बदलत्या हवेतला हिवाळा आणि गोठलेली तळी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: बर्फाळ प्रदेशात राहायला आल्यापासूनचा हा दुसरा हिवाळा, घरात पाच वर्षांची मुलगी, स्केट्स आणि स्की हौसेनं घेऊन ठेवलेत. पण शनिवारचा बेत आखावा तर शुक्रवारी पाऊस पडतो, तळं गोठलं म्हणून निघावं तर त्यावर पाणी साचलेलं असतं, आणि अर्धा हिवाळा खिडकीतून बाहेर बघण्यात जातो. तळ्यावरच्या बर्फावर भरवसा कधी ठेवायचा हे कुणी नीट सांगत नाही. मुलीला सोबत न्यावं की नाही, ही धाकधूक वेगळीच.

अशा प्रदेशात लोकांना गोठलेल्या तळ्यांवर आणि हिमातल्या वाटांवर घेऊन जाणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे. त्यावरून सांगतो, तुमची अडचण हवामानाची कमी आणि बेत आखण्याच्या पद्धतीची जास्त आहे. तुम्ही सोमवारी ठरवता की शनिवारी स्केटिंग. हे उलटं करा. शनिवारची सकाळ बाहेर घालवायची, एवढंच पक्कं ठेवा. ती स्केट्सवर जाईल, स्कीवर जाईल की नुसत्या चालण्यात, हे शुक्रवारी रात्रीची हवा ठरवेल.

नेदरलंड्सच्या फ्रीसलंड प्रांतात ‘एल्फस्टेडनटॉख्ट’ नावाची स्केटिंगची शर्यत असते. अकरा शहरांना जोडणारा जवळजवळ २०० किलोमीटरचा मार्ग, सगळा कालव्यांवरून आणि तळ्यांवरून. पहिली अधिकृत शर्यत १९०९ साली झाली आणि तेव्हापासून ती फक्त १५ वेळा होऊ शकली. शेवटची ४ जानेवारी १९९७ रोजी. तिची तारीख आधी ठरतच नाही. मार्गाच्या प्रत्येक टप्प्याची जबाबदारी घेतलेली माणसं बर्फ मोजत राहतात. सगळीकडे साधारण १५ सेंटिमीटर बर्फ धरला तरच घोषणा होते, आणि मग दोन-तीन दिवसांत हजारो लोक बर्फावर उतरतात. बर्फ नाही धरला तर त्या वर्षी शर्यत नाही. मला यातली आणखी एक गोष्ट फार मोलाची वाटते. पुलाखाली किंवा आणखी कुठे बर्फ कच्चा असेल तर स्पर्धक स्केट्स पायात ठेवूनच काठावर चढतात, अंथरलेल्या जाजमांवरून चालत तेवढा भाग ओलांडतात आणि पुन्हा बर्फावर उतरतात. याला ते ‘क्लूनन’ म्हणतात. स्केटिंग ज्यांच्या अंगात मुरलंय ती माणसं कच्च्या बर्फाला सरळ वळसा घालतात आणि त्यात त्यांना जराही कमीपणा वाटत नाही.

तुम्हालाही हेच करायचंय, फक्त घरगुती प्रमाणात. त्यासाठी दोन गोष्टी लागतात: चार-पाच पर्याय तयार असणं, आणि हवा वाचता येणं.

हवेपासून सुरुवात करतो, कारण पर्याय तिच्यातूनच निघतात. नवीन माणूस थर्मामीटर बघतो आणि उणे १५ दिसलं की घाबरतो. खरं तर फसवी हवा कडाक्याच्या थंडीची नसते, शून्याच्या आसपासची असते. उणे १०वर स्थिरावलेली कोरडी थंडी म्हणजे हिम भुरभुरीत, बर्फ कडक, कपडे कोरडे. याउलट दुपारी अधिक २ आणि रात्री उणे ५ असा खेळ चालू असला की दिवसा सगळं वितळतं, अंगावरचे कपडे ओले होतात, आणि संध्याकाळी तीच वाट काचेसारखी गुळगुळीत होते. हाडं मोडतात ती बहुतेक अशा दिवसांत, आणि तीही तळ्यावर नाही, घरासमोरच्या पायवाटेवर.

थंडीपेक्षा वाऱ्याकडे जास्त लक्ष द्या. पॉल सायपल आणि चार्ल्स पासेल या दोन अमेरिकी संशोधकांनी १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला अंटार्क्टिकावर उघड्या वाऱ्यात प्लास्टिकच्या नळकांड्यातलं पाणी गोठायला किती वेळ लागतो हे मोजलं होतं. वाऱ्यानं थंडी किती बोचते याचे आकडे तिथून सुरू झाले. आज अमेरिका आणि कॅनडात वापरतात ते सूत्र २००१ सालचं आहे. त्यानुसार उणे १० तापमानात ताशी ३० किलोमीटरचा वारा असला तर उघड्या चेहऱ्याला ते उणे २०सारखं जाणवतं. मोकळ्या तळ्यावर हा वारा अडवायला काहीच नसतं. तेच पाचशे मीटर आत, दाट झाडीत शिरलात की वारा वरच्या फांद्यांत राहतो आणि खाली जवळजवळ शांत असतं. म्हणून हवामानाच्या अंदाजात वाऱ्याचा वेग आणि दिशा तासागणिक बघा. वाऱ्याचा दिवस जंगलाचा, शांत दिवस तळ्याचा. तळ्यावर जायचंच असेल तर जाताना वारा तोंडावर घ्या आणि येताना पाठीवर. उलट केलंत तर दमलेल्या, घामेजलेल्या अंगानं वाऱ्याला तोंड देत परतावं लागतं.

माझा स्वतःचा आवडता दिवस कोणता विचाराल तर थंड हवेची लाट येऊन गेल्यानंतरचा दुसरा दिवस. पहिल्या दिवशी वारा घोंगावत असतो. दुसऱ्या दिवशी तो पडतो, आभाळ निवळतं, रात्री जमिनीची ऊब सरळ वर निघून जाते आणि बर्फ झपाट्यानं धरतो. ढगाळ रात्री असं होत नाही, ढग ती ऊब अडवून धरतात. म्हणून ‘रात्री उणे ८’ एवढाच आकडा वाचून थांबू नका. आभाळ स्वच्छ होतं की झाकलेलं, वारा होता की नव्हता, हेही बघा.

आता पर्याय. ताजं हिम पडलंय आणि थंडी टिकून आहे, तर स्की किंवा स्नोशू (हिमात रुतू नये म्हणून बुटांखाली बांधायच्या रुंद पट्ट्या) घालून जंगलात. खाली शहरात पावसानं चिखल झालाय, तर गाडीनं थोडं उंचावर जा. उंची वाढेल तसं तापमान दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे पाचशे मीटर वर गेलात तरी साधारण तीन अंशांचा फरक पडतो. खाली अधिक १ असताना वर उणे २ असतं, आणि जो पाऊस तुमच्या खिडकीवर आपटतोय तोच तिथे हिम होऊन पडत असतो. फार शांत आणि स्वच्छ पहाटे हे उलटंही होतं. जड थंड हवा दरीच्या तळाशी साचते आणि उतारावर चक्क उबदार वाटतं. अशा सकाळी दरीतलं तळं सोडून सूर्यासमोरचा उतार धरा. फक्त डोंगरउतारावर हिम साचलेलं असेल तर तिथल्या हिमस्खलनाच्या इशाऱ्याची पातळी वाचल्याशिवाय पाऊल टाकू नका. हिमाचे थर सुटून घसरतात ते बहुतांशी ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर, आणि नवख्या डोळ्यांना नेमके हेच उतार सुंदर दिसतात. सपाट जंगल आणि सौम्य टेकड्या तुम्हाला सध्या भरपूर आहेत.

पाऊस पडून पुन्हा गोठलंय, सगळीकडे टणक पापुद्रा आलाय, तर बुटांवर चढवायच्या साखळीच्या खिळेपट्ट्या काढा आणि चालायला निघा. पापुद्र्यावर स्कीचा ताबा राहत नाही, खिळेपट्ट्यांवर मात्र छान चालता येतं. हिवाळा सरताना हाच पापुद्रा मोठी गंमत देतो. दिवसा ऊन हिमाचा वरचा थर वितळवतं, रात्री तो गोठतो, आणि पहाटे त्यावरून माणूस न रुतता कुठेही जाऊ शकतो. एरवी कमरेएवढ्या हिमात जिथे पाऊल टाकता येत नाही, तिथे स्कीवर सरसर जाता येतं. अट एकच, ऊन चढायच्या आत परतायचं. दहा-अकराच्या सुमाराला पापुद्रा मऊ होतो आणि मग प्रत्येक पावलाला गुडघाभर रुतत यावं लागतं.

गोठणाऱ्या पावसाचा इशारा असेल त्या दिवशी मात्र कुठेच जाऊ नका. वर उबदार हवा आणि जमिनीलगत थंड हवेचा पातळ थर असला की थेंब पाण्याचाच राहून खाली येतो आणि टेकता क्षणी गोठतो. रस्ता, फांदी, विजेची तार, सगळ्यावर बर्फाचं कवच चढतं. त्या दिवशी स्केट्सना धार लावा, मुलीला नकाशा दाखवा. जवळ बंदिस्त रिंक, म्हणजे छताखालचं स्केटिंगचं मैदान, असेल तर रस्ते मोकळे झाल्यावर तिकडे जा. बंदिस्त रिंकला कमी लेखू नका, नैसर्गिक बर्फावर लागणारा तोल तिथेच तयार होतो.

आता तळ्याकडे येतो. तुमची खरी भीती इथे आहे आणि ती योग्यही आहे.

पाणी ४ अंशांना सर्वांत जड असतं. शरद ऋतूत तळ्याचा वरचा थर थंड होऊन खाली बसत राहतो आणि सगळं पाणी ४ अंशांवर आलं की मग वरचं आणखी थंड पाणी हलकं होऊन वरच तरंगतं आणि गोठू लागतं. उथळ काठ आणि लहान खाड्या आधी गोठतात, खोल मधला भाग शेवटी. म्हणजे काठाशी हाताला कडक लागलेला बर्फ मध्यभागाबद्दल काहीच सांगत नाही. शिवाय बर्फ स्वतःच पाण्याला पांघरूण घालतो, म्हणून जसजसा जाड होतो तसतसा सावकाश वाढतो. जाडी दुप्पट व्हायला साधारण चौपट थंडी खर्ची पडते. वर हिम पडलं तर वाढ आणखी रखडते. ताजं भुरभुरीत हिम बर्फापेक्षा दहा ते वीस पट कमी उष्णता जाऊ देतं. आठवडाभर उणे १० होतं म्हणून तळं पक्कं झालं असेल हा हिशेब, त्या आठवड्याच्या सुरुवातीला वीतभर हिम पडलं असेल तर साफ चुकतो.

किती जाडी हवी? अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याचा निसर्गसंपत्ती विभाग पायी चालण्यासाठी किमान ४ इंच, म्हणजे १० सेंटिमीटर, स्वच्छ बर्फ सांगतो आणि बर्फ शंभर टक्के सुरक्षित कधीच नसतो हेही सोबत बजावतो. कॅनडाच्या रेड क्रॉसचे प्रचलित आकडे जास्त सावध आहेत: एकट्यानं चालायला किंवा स्केटिंगला १५ सेंटिमीटर, घोळक्यानं खेळायला २०. तुम्ही मुलीसोबत असाल तेव्हा हे कॅनडाचे आकडे धरा. हे सगळे आकडे स्वच्छ, काळसर दिसणाऱ्या बर्फाचे आहेत. हिम भिजून गोठलेला पांढरा, दुधी बर्फ साधारण निम्म्या ताकदीचा धरतात, त्यामुळे तो दुप्पट जाड हवा. आणि ताकद जाडीच्या वर्गानुसार बदलते: १० सेंटिमीटरच्या जागी ५ असेल तर तो निम्मं वजन पेलत नाही, पावच पेलतो. ‘थोडासाच पातळ आहे’ हे वाक्य म्हणूनच धोक्याचं.

गर्दीच्या ठिकाणी यंत्रणा किती काटेकोर असतात ते बघा. ओटावातल्या रिडो कालव्यावर ७.८ किलोमीटरची सार्वजनिक स्केटिंगवाट आहे. तिथे ३० सेंटिमीटरच्या आसपास चांगला बर्फ झाल्याशिवाय ती उघडत नाहीत. २०२२-२३च्या हिवाळ्यात तेवढा बर्फ झालाच नाही, आणि १९७०-७१पासून पहिल्यांदाच अख्खा मोसम वाट बंद राहिली. शहरभर लोक हळहळले, तरी ती उघडली नाही.

मी तळ्यावर उतरतो तेव्हा काय करतो ते सांगतो, म्हणजे आकड्यांचा अर्थ लागेल. काठावरूनच आधी तळं नजरेखालून घालतो. ओढा कुठे मिळतो, पाणी कुठून बाहेर पडतं, अरुंद गळा कुठे आहे, पूल, लव्हाळ्याचे पुंजके, वर डोकावणारे दगड, बदकांचा थवा. या सगळ्या जागा मनातून वजा करतो. वाहत्या पाण्यानं बर्फ खालून झिजतो, दगड आणि लव्हाळी उन्हात तापून भोवतालचा बर्फ पोखरतात, थवा पाणी हलतं ठेवतो. मग टोकदार लोखंडी अणीची काठी घेऊन पहिलं पाऊल टाकण्याआधी पुढ्यात एक जोरकस घाव घालतो. एका घावात अणी आरपार गेली आणि पाणी उसळलं, तर तिथूनच मागे फिरतो. पांढरी चांदणी उमटली, कोरड्या चिपा उडाल्या आणि काठी हातात झणझणली, तर चार पावलं पुढे जाऊन पुन्हा घाव. थोडं आत गेल्यावर हातगिरमिटानं भोक पाडतो, आकडीची पट्टी खालच्या कडेला अडकवून जाडी मोजतो, आणि भोकाच्या भिंतीत काळा थर किती, पांढरा किती, मध्ये पाण्याचा पोकळ थर आहे का, हे बघतो.

त्या भोकातलं पाणी आणखी एक गोष्ट सांगतं. बर्फ पाण्यावर तरंगत असेल तर पाणी भोकात जवळजवळ वरपर्यंत चढतं. १० सेंटिमीटर बर्फात ते पृष्ठभागाच्या जेमतेम एक सेंटिमीटर खाली थांबतं. पाणी वर येऊन बाहेर पसरू लागलं, तर हिमाच्या ओझ्यानं बर्फ दबलेला आहे आणि त्या हिमाखाली लगदा तयार होतोय. पाणी वर आलंच नाही, खाली पोकळी दिसली, तर पाण्याची पातळी उतरलीये आणि तुम्ही आधार नसलेल्या छतावर उभे आहात. नदीच्या काठाशी आणि धरणाच्या जलाशयांवर असं वारंवार होतं. नदीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: सोबत जाणकार नसेल तर नवीन माणसानं गोठलेल्या नदीवर उतरूच नये. वळणाच्या बाहेरच्या अंगाला प्रवाह जोरात असतो, बर्फ दर काही मीटरला बदलतो, आणि खाली पडलेला माणूस प्रवाहाबरोबर भोकापासून दूर ओढला जातो.

तळं आवाजही करतं. नवीन लोकांना सगळ्यात जास्त घाबरवतात ते लांबवर घुमणारे धूम-धूम आवाज. ते बहुधा तापमान बदलताना बर्फ ताणला आणि आकसला जातो त्याचे असतात, संध्याकाळी थंडी वाढू लागली की हमखास. नुसत्या त्या घुमण्यानं पळायचं कारण नाही. कान द्या तो स्केट्सच्या खालच्या सुराला. जाड बर्फ खर्जात बोलतो, पातळ होत जातो तसा सूर वर चढत जातो. स्वीडनमधले लांब पल्ल्याचे स्केटर हा सूर ऐकत जातात, आणि तो चढू लागला की पुढे काय दिसतंय याची वाट न बघता वळतात. हा कान तयार व्हायला वेळ लागतो, पण पहिल्या दिवसापासून ऐकायला लागा.

वसंताच्या तोंडाशी जाडीचे आकडे निरुपयोगी होतात. उन्हानं बर्फ आतून, कणांच्या सांध्यांमधून वितळतो आणि उभ्या कांड्यांची सैल जुडी बांधावी तसा होतो. पट्टी ४० सेंटिमीटर दाखवते आणि काठी एका घावात खाली जाते. काठाशी पाण्याची पट्टी दिसू लागली, बर्फ करडा किंवा चिंबलेला दिसू लागला, की त्या वर्षीचं स्केटिंग संपलं असं समजा. तुम्ही म्हणता तसं तळ्यावर साचलेलं पाणी हे मात्र दर वेळी वाईट लक्षण नाही. कडाक्याच्या थंडीत, जाड बर्फावर पावसाचं पाणी साचून गोठलं तर उत्तम आरसा तयार होतो. तो खालच्या बर्फापर्यंत गोठलाय की वर नुसता पापुद्रा आणि खाली पाणी आहे, हे काठी सांगेल.

इतकं सगळं पाळूनही माणूस पडू शकतो, म्हणून पडल्यावर काय करायचं हे आधीच अंगवळणी पाडा. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीझब्रेख्ट यांनी थंड पाण्यात शरीराचं काय होतं याचा आयुष्यभर अभ्यास केला आणि सांगायला सोपा हिशेब दिला: १-१०-१. पहिला एक मिनिट श्वास ताब्यात आणायचा. थंड पाण्याच्या झटक्यानं धाप लागते आणि तोंडात पाणी जातं. या मिनिटात धडपड नको, डोकं वर ठेवून श्वास मंद करायचा. मग साधारण दहा मिनिटं हातपाय उपयोगाचे राहतात. त्यानंतर शुद्ध जायला जवळपास एक तास असतो. पाण्यात पडलं की दोन मिनिटांत सगळं संपतं हा समज खोटा आहे, आणि तो समजच माणसाला घाबरवून बुडवतो.

बाहेर येताना ज्या दिशेनं आलात त्याच दिशेला तोंड करा, कारण तिथल्या बर्फानं तुम्हाला आत्ताच पेललं होतं. हात बर्फावर पसरा, पाय मागे झाडत अंग आडवं करा, गळ्यात अडकवलेल्या दोन अणकुचीदार मुठी बर्फात रोवून स्वतःला पुढे ओढा. वर आलात तरी उभं राहू नका. लोळत लोळत पक्क्या बर्फापर्यंत या. त्या मुठी गळ्यातच हव्यात. सॅकच्या तळाशी असल्या तर नसल्यासारख्याच. सॅकमध्ये जलरोधक पिशवीत बांधलेले कोरडे कपडे हवेत. ते बदलायच्या कामी येतातच, शिवाय पिशवीत हवा असल्यानं सॅक पाण्यात तुम्हाला उचलून धरते; त्यासाठी सॅकचा एक पट्टा मांड्यांमधून घेऊन बांधलेला असावा, नाहीतर ती डोक्यावरून निसटते. सोबत्यानं भोकाकडे धावत जायचं नाही. दूर आडवं पडून दोर फेकायचा. म्हणून दोर प्रत्येकाकडे हवा, एकाकडेच नाही, आणि दोघांमध्ये अंतर ठेवून जायचं.

बाहेर काढलेल्या माणसाचे ओले कपडे उतरवा, वाऱ्याआड न्या, आडवं ठेवा, हळू हाताळा. चोळू नका, दारू देऊ नका. थरथरणारा माणूस अजून स्वतः ऊब तयार करतोय. थरथर थांबली आणि तो बरळू लागला तर प्रकरण गंभीर आहे, ताबडतोब मदत बोलवा. फोन मात्र आतल्या खिशात, अंगाशी ठेवा, थंडीत बॅटरी अचानक मान टाकते.

कपड्यांबद्दल थोडक्यात, कारण त्यावर सगळेच बोलतात. सुती कपडा अंगाशी नको, तो घाम धरून ठेवतो. आत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा थर, मध्ये उबेचा, वर वारा अडवणारा. निघताना किंचित थंडी वाजली पाहिजे. घरातूनच उबदार निघालात तर दहा मिनिटांत घामेजाल आणि थांबलात की गारठाल. हातमोज्यांचा जादा जोड घ्या. मोज्यांवर मोजे चढवून बूट घट्ट करू नका, रक्त फिरलं नाही तर बोटं लवकर गोठतात. ताज्या हिमावरून उन्हाचा बहुतांश भाग परत डोळ्यांवर येतो, त्यामुळे गॉगल विसरू नका, ढगाळ दिवशीही.

आता मुलगी. नक्की न्या, पण तिचा हिवाळा तुमच्यापेक्षा वेगळा आहे हे लक्षात ठेवून. लहान मुलांच्या त्वचेचा पसारा वजनाच्या मानानं जास्त असतो, म्हणून ती मोठ्यांपेक्षा लवकर गार पडतात. सगळ्यात जास्त फसगत होते ती हिमावरून ओढायच्या घसरगाडीवर. ओढणारा बाप घामानं निथळत असतो, त्याला वाटतं छान उबारा आहे, आणि मागे मूल हालचाल न करता वाऱ्यात बसलेलं असतं. ते रडतही नाही, गप्प होतं. गप्प झालेलं मूल बघितलं की मी लगेच थांबायला सांगतो. दर पंधरा-वीस मिनिटांनी तिला उतरवून चालवा, पळवा, मानेमागे बोट घालून ऊब तपासा. हात-पाय थोडे गार असले तरी चालतात, मान आणि पोट गार असलं तर परत फिरा. गालावर किंवा नाकाच्या शेंड्यावर पांढुरका, मेणचट डाग दिसला तर हिमदंशाची सुरुवात आहे. आपला उबदार तळवा त्यावर ठेवा, चोळू नका, हिम तर मुळीच लावू नका. बोटं खरोखर गोठली असतील तर ती ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात ऊबवतात, तेही पुन्हा गोठायची शक्यता नाही अशा ठिकाणी पोचल्यावर, आणि लगेच डॉक्टरांकडे.

तळ्यावर नेताना आधी मोठ्यांपैकी एकानं वर सांगितल्याप्रमाणे बर्फ तपासायचा, तोवर ती दुसऱ्याच्या हाताला धरून काठावर. तपासलेल्या भागाच्या चारी बाजूंना हिमात काठ्या रोवून हद्द आखा आणि तिला ती फिरून दाखवा. पाच वर्षांचं मूल ‘लांब जाऊ नको’ समजत नाही, ‘लाल काठीच्या पुढे नाही’ हे चोख समजतं. डोक्याला हेल्मेट, गुडघ्यांना जाड पॅड. स्केट्स घोट्याला घट्ट बसणारे, पुढच्या वर्षी होतील म्हणून एक माप मोठे घेतलेले नकोत. हात धरून तिला ओढू नका, त्यानं तोल मागे जातो. ढकलायला एक छोटी, बुटकी खुर्ची तिच्या हातात द्या. वजन पुढे येतं, गुडघे आपोआप वाकतात, आणि थोड्या वेळानं ती खुर्ची सोडून दोन पावलं घेते. पहिल्या दिवशी अर्धा तास पुरे, ती ‘अजून एकदा’ म्हणत असतानाच स्केट्स उतरवा.